शंखाची पाठवणी

“पाण्यात इन्सुलिन आहे,” जीभ म्हणाली, आणि मी आधी फ्रिज उघडून पाहिला.

मला गेल्या वर्षीपासून साखर आहे. माझी इन्सुलिनची पेनं फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी असतात. ती जिथल्या तिथे होती. मी बाहेरच्या खोलीत परत आलो आणि काचेच्या पेटीसमोर उभा राहून जिभेला विचारलं, “तुझं डोकं फिरलं का?” जिभेला डोकं नसतं हे मला कळतं, पण वर्ध्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी माणूस यंत्राशीसुद्धा भांडतो.

“पाण्यात इन्सुलिन आहे. माणसाचं नाही, माशांचं आहे,” जीभ शांतपणे म्हणाली. “कृपया पाण्यात हात घालू नका.”

समुद्रपेटी म्हणजे काय हे किनाऱ्याकडच्या लोकांना सांगावं लागत नाही, पण आमच्या विदर्भात अजून लोक घरी आले की विचारतात. माझी बायको मनवा कांदळवेळची, म्हणजे मालवणच्या खालच्या अंगाला जे गाव होतं तिथली. समुद्र चढत गेला, विहिरी खाऱ्या झाल्या, प्रत्येक उधाणाला पाणी चुलीपर्यंत यायला लागलं आणि शेवटी अख्खं गाव उचलून आजऱ्याच्या माळावर नेऊन बसवलं. मनवा तेव्हा दहावीत होती. माळावर घरं पक्की मिळाली, नळ मिळाले, पण माणसं झुरायला लागली. त्याच सुमारास सागर विभागाला एक प्रश्न पडला होता. किनाऱ्यालगतचं पाणी इतकं तापलं होतं की तिथले प्रवाळ, स्पंज, किडे, शेवाळ सगळं मरत चाललं होतं, आणि ते जगवायला एवढ्या प्रयोगशाळा आणायच्या कुठून? मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हे दोन प्रश्न एकमेकांना सोडवू द्यावेत. प्रत्येक विस्थापित घराला एक काचेची पेटी दिली, खारं पाणी थंड ठेवायचं यंत्र दिलं, आणि त्यांच्याच गावच्या खडकाचा एक जिवंत तुकडा दिला. किनारा निवळला की हे खडक परत न्यायचे, अशी बोली होती.

प्रत्येक पेटीत एक जीभ असते. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, ते कोणी घेत नाही. बोटभर नळीत एक पातळ चकती, आणि चकतीवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी. आपल्या जिभेवर जसं आंबट-गोड कळतं तसं या पेशींना पाण्यातले हजारो रेणू कळतात. मीठ कमी झालं, अमोनिया वाढला, एखादा प्रवाळ आजारी पडला, की पेटी बोलते आणि तोच निरोप विभागाकडेही जातो. आमची जीभ सहा वर्षं मीठ सोडून दुसरं काही बोलली नव्हती.

सहा वर्षं म्हणजे आमच्या लग्नापासून. कांदळवेळकरांनी माळावर गेल्यावर एक नवी रीत पाडली. मुलीची पाठवणी करताना आईने तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर आपल्या पेटीतल्या खडकाचा तुकडा घालायचा. ओल्या फडक्यात गुंडाळलेला, नारळाएवढा, समुद्राचा वास मारणारा तो दगड घेऊन मनवा वर्ध्याला आली तेव्हा माझ्या काकांनी सगळ्यांदेखत म्हटलं, “लोकांच्या सुना सोनं आणतात, आमच्या सर्वेशच्या बायकोनं गोटा आणला.” मीही हसलो. माझ्या सासूबाईंनी, सुवर्णाआईंनी, निघताना माझा हात धरून सांगितलं होतं, “दगड नाय तो, जावयबापू. ह्येका गोड्या पाण्याचो थेंब लागाक देव नकात.” आणि मी काम करतो नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात. मी गोड्या पाण्याचा माणूस. देवाला गंमत करायची हौस असते.

त्या दगडावर एक जागा होती. लग्नाच्या आदल्या दिवशी तो सुवर्णाआईंच्या हातून पडून दुभंगला, तेव्हा त्यांनी पाण्यात घट्ट होणारी लांबी लावून तो सांधला, आणि सांधा दाबताना त्यांचा अंगठा त्यात उमटला. पुढे त्यावर गुलाबी शेवाळाची साय चढली, तरी खळगा तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वी सुवर्णाआई गेल्या. पाठोपाठ वसाहतीत वादळाने आठवडाभर वीज गेली आणि त्यांची पेटीही मेली. त्यांचं जिवंत असं जे काही उरलं ते आमच्या बाहेरच्या खोलीत होतं. मनवा रोज सकाळी शाळेत शिकवायला निघण्याआधी बाही सरसावून पाण्यात हात घालायची, अंगठा त्या खळग्यात टेकवायची, आणि ओली बोटं कपाळाला लावून निघायची. कांदळवेळला बायका घराबाहेर पडताना समुद्राला अशाच शिवत असत.

मी चहाचा कप हातात घेऊन ते बघत बसायचो. खरं सांगायचं तर मला त्या दगडाचा हेवा वाटायचा. मी समुद्र पाहिलेला नाही. लग्नानंतर कितीदा तरी म्हटलं, मला तुझं गाव दाखव, बुडालेलं तर बुडालेलं. ती प्रत्येक वेळी एकच सांगायची. “आता थंय काय आसा? पाणी.” आणि विषय बंद व्हायचा. तिच्या मनाचा तेवढा एक भाग मला कधी उघडून मिळाला नाही.

तर पाण्यात इन्सुलिन होतं. मनवा शाळेतून आली, तिने ऐकून घेतलं आणि आधी मासे मोजले. गेल्या काही आठवड्यांत निळे मासे एकेक करून कमी होत होते. आम्ही शेजारच्या जोशीकाकूंच्या मांजरावर आळ घेऊन मोकळे झालो होतो, आणि मी त्या मांजराला दोनदा झाडूही दाखवला होता.

संध्याकाळी सागर विभागाच्या डॉ. नफीसा सोलकर पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या बाई, केस पांढरे, बोलणं मुद्द्याचं. त्यांनी जिभेने पाठवलेली नोंद वाचली आणि चष्मा काढला.

“तुमच्या पेटीत शंकूच्या आकाराचा शंख आहे,” त्या म्हणाल्या. “मासे खाणारा.”

“आमच्याकडे शंख नाहीच,” मी म्हणालो. “सहा वर्षांत एकदाही दिसला नाही.”

“दिसणार नाही. दिवसा वाळूत किंवा दगडाच्या भोकात बसतो. पिल्लू असताना तांदळाएवढा असेल, दगडाबरोबर आला असेल. लहानपणी हे शंख किडे खातात आणि त्यांचं विषही किड्यांपुरतंच असतं. मोठे झाले की माशांवर येतात, आणि विषाची घडण बदलते. तुमचा आता वयात आलाय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. गोगलगाय ती गोगलगाय, धावून मासा पकडणार कशी? म्हणून यांच्यातले काही जण पाण्यात इन्सुलिन सोडतात. आपल्याला पेन जास्त टोचलं की जशी घेरी येते तशी माशाची साखर उतरते, तो सुस्तावतो, आणि शंख तोंड पिशवीसारखं पसरून त्याला आत घेतो. शिवाय त्याचा एक दात पोकळ भाल्यासारखा असतो, विषाने भरलेला. तो सोंडेतून मारतो. शंभरेक वेगवेगळ्या रेणूंची मिसळ असते त्यात. कुठला नस बधिर करतो, कुठला स्नायू. त्यातल्या एकापासून माणसांसाठी वेदना मारणारं औषध झालंय, पण पुरी मिसळ एकदम माणसाच्या अंगात गेली तर श्वास थांबतो.

“उतारा?” मी विचारलं.

“नाही. माणसाला श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं आणि विष उतरायची वाट बघायची, वेळेत यंत्र मिळालं तर. जाड हातमोजाही त्याला अडवत नाही. आणि मागून धरला की काही करत नाही असं जे म्हणतात ना, ते खोटं आहे. त्याची सोंड मागेही वळते.”

“आता काय करायचं?” मनवाने शाळेतल्या शुद्ध भाषेत विचारलं.

“नियमाने दोनच मार्ग आहेत, ताई. एक, पेटीत गोडं पाणी सोडायचं. सगळं मरेल, शंखही. मग दगड उकळून, वाळवून तुम्ही ठेवू शकता. दुसरा, शंख धरायचा आणि तो व दगड दोन्ही जिवंत आमच्या ताब्यात द्यायचे. दगडात आणखी पिल्लं असू शकतात, म्हणून दगड पेटीत ठेवता येणार नाही. आठवडाभरात कळवा. तोवर हात घालू नका.”

पडदा बंद झाला. मनवा उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

मला वाटलं प्रश्न सोपा आहे. दगड मेला तरी अंगठा राहील. देव्हाऱ्यात ठेवू, रोज हात लाव, जिवाची भीती नाही. मी तसं बोललोही. ती भांडी घासत राहिली, आणि मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आलो तर तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात.

“काय करून राहिली तू?”

ती हलली नाही. अंगठा खळग्यात होता, डोळे मिटलेले. आणि त्याच वेळी मला दिसलं. खळग्याच्या बरोबर खाली, दगडाच्या भोकातून, पांढरट बोटासारखं काहीतरी हळूहळू बाहेर येत होतं. टोकाला गुलाबी. ते पाणी हुंगत होतं. तिच्या मनगटापासून चार बोटांवर होतं.

मी कप टाकला आणि तिचा दंड धरून ओढलं. आम्ही दोघंही मागच्या खुर्चीवर आदळलो. पाणी सगळीकडे उडालं. जीभ म्हणाली, “कृपया पाण्यात हात घालू नका.”

“मरायचं आहे का तुला?” मी ओरडलो. “त्या बाई काय सांगत होत्या? कितीदा सांगू न?”

“तुका काय कळतला!” तीही ओरडली. रागावली की ती थेट कांदळवेळला पोचते. “ह्यो माझ्या आयेचो आंगठो. रोज सकाळी ती माका भेटता. तू दर्या बघूक नाय, तुका काय कळतला?”

ते मला लागलं. दर्या बघूक नाय, हा काय माझा दोष? कोणी दाखवलाच नाही. मी मोरीतून नळाची लांब नळी आणली, बादली भरली आणि पेटीसमोर ठेवली. क्लोरीनचा वास खोलीभर पसरला. माझ्या रोजच्या कामातलं पाणी. एक बादली ओतली असती तरी निम्मं काम झालं असतं. पण मी बादली उचलली तेव्हा दगडावरचे इवलेसे प्रवाळ सगळे उमलले होते. सकाळी त्यांची खायची वेळ असते.

मनवाने मला अडवलं नाही. ती खुर्चीत बसूनच म्हणाली, “ओत. मगे तो दगड तुझ्या ऑफिसात कागदांवर ठेव. सुको दगड माका कित्याक?”

मी बादली खाली ठेवली. नंतर त्या पाण्याने अंगणातली तुळस, जास्वंद, जोशीकाकूंचं कढीपत्त्याचं झाडसुद्धा शिंपलं. कुठेतरी ते संपवायला हवं होतं.

तो रविवार आम्ही घरात एकमेकांना वळसा घालून काढला. जेवणं झाली, कोणी कोणाला वाढलं नाही. दुपारी उन्हाने कौलं तापली. आमच्या घरी कूलर होता आणि समुद्राला स्वतंत्र थंड यंत्र. बाहेरच्या खोलीत पेटीच्या काचेला पाठ लावून बसलं की गार लागायचं, आणि दर उन्हाळ्यात आम्ही दोघं दुपारी तसेच बसायचो. त्या दिवशीही सवयीने दोघं तिथेच येऊन टेकलो, एकमेकांकडे न बघता.

ऊन कलल्यावर ती म्हणाली, “निदान बघूया तरी त्याला. सहा वर्षं आपल्या घरात राहतोय.”

डॉ. सोलकरांना विचारून आम्ही तयारी केली. अंधार झाला की शंख बाहेर येतो, तर अंधार करायचा. आम्ही खिडक्या लावल्या, पेटीवर दोन गोधड्या टाकल्या आणि एका कोपऱ्यातून डोकं आत घातलं. टॉर्चला लाल कागद बांधला, कारण लाल उजेडाचा त्याला त्रास होत नाही असं बाईंनी सांगितलं होतं. गोधडीच्या आत आमची डोकी एकमेकांना लागत होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. इतक्या जवळ आम्ही आदल्या रात्रीपासून आलो नव्हतो.

तो आला. आधी सोंड, मग वाळू सरकली, मग सगळा. करंगळीच्या पेराएवढ्याची कल्पना केली होती, तर हा चांगला माझ्या अंगठ्याहून लांब. पांढऱ्यावर विटकरी रंगाची जाळीदार नक्षी, पैठणीच्या पदरावरसुद्धा इतकी बारीक नसते. एक निळा मासा त्याच्यासमोर पेंगत होता, मुळीच घाबरलेला नव्हता. शंखाचं तोंड फुलत गेलं, पातळ पिशवीसारखं, आणि मासा आत गेला. झटापट काही झाली नाही. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. भयंकर होतंच, पण मी श्वास रोखून बघत राहिलो ते सुंदर होतं म्हणून.

मनवा रडत होती. गोधडीच्या आत मला ते आधी ऐकू आलं.

“ओहोटीला आम्ही खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर, जायचो,” ती हळू म्हणाली. “कालवं काढायला, तिसऱ्या-शिंपल्या वेचायला. तेव्हा आये सांगायची, नक्षीचा शंख दिसला तर लांबून नमस्कार करायचा, उचलायचा नाही. मला वाटायचं देवाबिवाचं काहीतरी असेल.” मग डोळे पुसत ती म्हणाली, “गाव उठल्यावर मला पहिल्यांदाच तिथलं कोणी भेटलंय.”

ती माझ्याशी हे बोलली. सहा वर्षांत पहिल्यांदा, मी न विचारता.

मासा खाऊन झाल्यावर शंख जड होतो, धरायचा तर तेव्हाच. मी म्हटलं, मी धरतो. तिने मला बाजूला सारलं. “तू नळ दुरुस्त कर,” ती म्हणाली. लांब दांड्याचा चिमटा तिने पाण्यात असा घातला की पाण्याला सुरकुतीसुद्धा पडली नाही. एकदाच उचललं आणि जाड काचेच्या बरणीत सोडलं. सोंड चारी बाजूंनी काचेला टोचत फिरली, मागेसुद्धा. मनवाने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे मीही पाहिलं. सकाळचं कोणीच काढलं नाही.

बरणीतल्या पाण्यात जीभ बुडवून आम्ही पूर्ण नोंद पाठवली. दोन दिवसांनी डॉ. सोलकर पुन्हा पडद्यावर आल्या. या खेपेला त्यांचा आवाज वेगळा होता.

“ताई, तुमचा दगड कुठला?”

“कांदळवेळ. खालच्या खडपाचा.”

“तरीच. असं बघा, घरोघरचा मालवणी मसाला मिरची-धण्यांचाच असतो, पण प्रत्येक घराचा वास वेगळा. या शंखांच्या विषाचंही तसंच आहे. जात एकच, पण दर किनाऱ्यावर मिसळ थोडी निराळी. तुमच्या शंखाची मिसळ आमच्याकडे फक्त एका जुन्या नमुन्यात आहे, गाव उठायच्या आधी घेतलेल्या. त्यानंतर तिथे जिवंत शंख सापडलाच नाही. आम्ही धरून चाललो होतो की संपला.”

“आणि आता?”

“कांदळवेळच्या खडपावर गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही उष्णता सोसणारे प्रवाळ लावलेत. ते रुजलेत. पाण्याखाली आहे सगळं, वाव-दीड वाव, म्हणजे सहा-नऊ फूट खोल, पण मासे परत आलेत. दुसऱ्या दोन घरांतून असेच शंख मिळाले तर वीण होईल. तुम्ही दिलात तर तो दगड आणि हा शंख आम्ही तिथेच नेऊन ठेवू, तपासून. मी बळजबरी करणार नाही. दगड दिलात तर परत मिळणार नाही, हेही आधीच सांगते.”

मनवाने मला विचारलं नाही. मीही सल्ला दिला नाही. एवढं तरी मी शिकलो होतो. ती बराच वेळ बरणीकडे बघत राहिली. शंख तळाशी गप्प बसला होता.

“तो तरी घराक जावंदे,” ती म्हणाली.

विभागाची गाडी शनिवारी यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी मनवाने लांबीची डबी काढली, दोन रंगांच्या वड्या एकत्र मळल्या, पुरीच्या पिठासारखी गोळी केली आणि पोळपाटावर थापली. मग स्वतःचा अंगठा त्यात दाबला. नीट, शेवटपर्यंत. मला वाटलं आईच्या खळग्याशेजारी आपला ठसा लावते आहे, लावू दे. हे तिचं आणि तिच्या आईचं. मी पेपर उघडला.

“तुझो पण दी,” ती म्हणाली.

“माझा? माझा कशाला? मी तर दर्या...”

“गप रव आणि दी.”

मी अंगठा दाबला. लांबी गार होती, मग मळल्यामुळे आतून कोमट. माझ्या अंगठ्यावर पाना लागून जुनी आडवी खूण आहे, ती तशीच्या तशी उमटली. मनवाने चिमट्याने ती चकती पाण्यात नेली आणि सुवर्णाआईंच्या खळग्याला लागून दगडावर बसवली. लांबी पाण्यात पकडली. तीन खळगे झाले, एक गुलाबी आणि दोन कोरे.

शनिवारी सकाळी विभागाची मुलगी दगडासाठी पाण्याचा डबा घेऊन दारात आली, तर मनवा तिला म्हणाली, “दोन मिनिटं थांबा.” तिने हिरवी साडी नेसली होती. दगडाच्या डब्यावर ओलं फडकं घातलं, त्यावर तांदूळ, नारळ, हळद-कुंकू. शंखाच्या बरणीच्या झाकणालाही कुंकवाचं बोट लावलं. जोशीकाकू मांजराला कडेवर घेऊन बघायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “अगं, पाठवणी कुणाची?”

“माहेरवाशीण आहे,” मनवा म्हणाली. “माहेरी चालली.”

विभागाची मुलगी हसली नाही. तिने डबा दोन्ही हातांनी घेतला, ओटी घ्यावी तसा. गाडी गेली. मनवा रस्त्याच्या वळणापर्यंत बघत उभी राहिली आणि मग आत येऊन, हिरव्या साडीतच, पेटीसमोर बसली. पुढे कित्येक सकाळी शाळेला निघताना तिचा हात सवयीने बाही सरसावायचा, पाण्यापर्यंत जायचा, आणि आत फक्त वाळू. मग ती बोटं नुसतीच ओली करून कपाळाला लावायची. ते बघताना मला वाटायचं, आपण चूक केली. बादली तरी ओतायला हवी होती, निदान हाताला काहीतरी लागलं असतं. तिच्याइतकीच मलाही त्या दगडाची आठवण यायची, आणि मी हे तिला सांगितलंही.

दिवाळी झाली. थंडी पडली. आमची जीभ पुन्हा मीठ सोडून काही बोलेनाशी झाली.

एक दिवस शाळा सुटायच्या वेळेला डॉ. सोलकरांकडून एक चित्र आलं. मनवा घरी येईपर्यंत मी ते उघडलं नाही. दोघांनी मिळून पडद्यावर मोठं केलं. हिरवट पाणी, वरून येणारं तिरपं ऊन, आणि खडपाच्या कडेला आमचा दगड. सुवर्णाआईंचा खळगा ओळखू येत होता. मनवाच्या अंगठ्यावर पुसटशी गुलाबी साय धरायला लागली होती. माझा खळगा मात्र दिसत नव्हता. मी डोळे बारीक करून पाहिलं. माझ्या अंगठ्याच्या जागेवर, बरोबर त्यात टेकून, जाळीच्या नक्षीचा एक शंख बसला होता. खाली सोलकरांनी लिहिलं होतं, की तिथे पाण्यात बसवलेल्या जिभेला हल्ली इन्सुलिनची चव लागते आहे.

“तुझ्याकडे पावणो इलो,” मनवा म्हणाली आणि हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

ती चित्र बघत राहिली. मी चहा ठेवायला उठलो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो असेन, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

“सर्वेश, जावया?”

“कुठे?”

“कांदळवेळाक. होडी करूक होयी, मास्क लावून खाली बघूक होया. तुका पवता येता मा?”

मला पोहता येत नाही. आमच्या खात्यात इतकी वर्षं टाक्यांवर काढली, पण कधी पाण्यात उतरलो नाही. मी म्हणालो, “शिकतो. पण तूच म्हणायचीस ना, तिथे आता काय आहे?”

ती माझ्याकडे बघत म्हणाली, “आता थंय आपला कोणतरी आसा.”